मीटरच्या डब्यातली माशी आणि आजीचं नाव

मागच्या अंकात डंख नसलेल्या मधमाश्यांबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घेताच आला नाही. झुरळांवाल्यांनी कृपया थांबावं, पुढच्या महिन्यात नक्की.

प्रश्न : ताई, आमच्या पडवीत लाइटच्या मीटरचा जुना लाकडी डबा आहे, त्यात बारीक काळ्या माश्यांनी घर केलंय. बाहेर बोटाएवढी मेणाची नळी आलीय. चावत नाहीत पण जवळ गेलं की केसात घुसतात. नेटवर शोधलं तर ट्रायगोना इरिडिपेनिस असं नाव मिळालं. पण फोटोपेक्षा आमच्या माश्या जरा मोठ्या वाटतात, आणि एकदा डबा उघडला तेव्हा आत काही माश्या चक्क फिकट पिवळट होत्या. ही नवीन जात असू शकते का? असली तर तिला माझ्या आजीचं नाव द्यायचंय, कारण ते घर तिनेच आजवर कुणाला मोडू दिलं नाही. (सावंतवाडीहून एक वाचक)

उत्तर : असू शकते. हे तुम्हाला खूष करायला म्हणत नाहीये, आपल्याकडे या माश्यांचा हिशोबच इतका अर्धवट राहिलाय की कोकणातल्या एखाद्या डब्यात बिननावाची माशी निघाली तर मला फार आश्चर्य वाटणार नाही. पण तुम्ही जी दोन कारणं दिलीत ना, मोठी आहे आणि पिवळी आहे, ती दोन्ही बाद.

पिवळीचं आधी सांगते. कोशातून नुकतीच बाहेर आलेली कामकरी माशी फिकटच असते, अंगाला रंग चढायला काही दिवस लागतात आणि तोवर ती आतच घरकाम करत बसते, म्हणून बाहेर नळीवर तुम्हाला सगळ्या काळ्याच दिसणार आणि डबा उघडला की आत पिवळ्या. ही पोरं आहेत हो, दुसरी जात नाही. या पिवळ्या माश्यांचे फोटो मला वर्षातून दोन-तीन वेळा तरी येतात आणि खाली लिहिलेलं असतं "न्यू स्पेसिस???", तीन प्रश्नचिन्हांसकट. आकाराचंही तेच. या वंशातल्या, म्हणजे जवळच्या जातींच्या या एका गटातल्या, माश्या साधारण ३ ते ५ मिलिमीटरच्या, त्यात एका पोळ्याला खायला भरपूर मिळालं, दुसऱ्याला नाही मिळालं, एवढ्यानेही फरक पडतो. डोळ्याला "जरा मोठी" वाटणं म्हणजे मोजमाप नव्हे.

आता नेटवर मिळालेल्या नावाची गंमत बघा. फ्रेडरिक स्मिथ नावाचा एक इंग्रज, ब्रिटिश म्युझियममध्ये किड्यांचे कॅटलॉग करायचा, त्याने १८५४ मध्ये सिलोनहून, म्हणजे श्रीलंकेहून आलेल्या माशीला इरिडिपेनिस नाव दिलं. अर्थ काय तर इंद्रधनुषी पंखांची. आता उन्हात धरले तर या सगळ्याच माश्यांचे पंख कमीजास्त तसे चमकतात, म्हणजे काळी गाय हरवलीय म्हणून चौकीवर तक्रार देण्यासारखं वर्णन. पुढे सव्वाशे वर्षं भारतात कुठेही बारीक, काळी, बिनडंखाची माशी दिसली की लोकांनी हेच नाव चिकटवलं. केरळातली पण तीच, कोकणातली पण तीच, कर्नाटकातली पण तीच. मधमाशीपालनाच्या पुस्तकात तेच, कृषी खात्याच्या पत्रकात तेच, आणि आता मोबाइलमध्ये पण तेच. शिवाय ट्रायगोना हे वंशाचं नावही आता आपल्या माश्यांना लावत नाहीत, ते अमेरिका खंडातल्या माश्यांकडे राहिलं. ब्राझीलचे मूरे म्हणून पाद्रीबाबा होते, माश्यांचे मोठे जाणकार, त्यांनी १९६१ मध्ये टेट्रागोन्यूला असा गट वेगळा काढला, आपल्या बहुतेक माश्या त्यात बसतात.

१९७८ मध्ये जपानच्या शोइची साकागामींनी आशियाच्या मुख्य भूमीवरच्या आणि श्रीलंकेतल्या या माश्या नीट मांडून बघितल्या आणि एक गोष्ट पक्की झाली की कामकरी माश्या एकमेकींसारख्या इतक्या दिसतात की नुसत्या त्यांच्यावरून जात सांगणं अवघड, नर बघायला पाहिजे. २०१३ मध्ये क्लाउस रासमुसेन यांनी भारतीय उपखंडाची यादी परत तपासली तेव्हा फक्त ८ जाती धरल्या होत्या. त्यानंतर मात्र धडाकाच लागला. २०१९ मध्ये एकाच पेपरात ६ नव्या जाती आल्या, त्यातली एक केरळातली त्रावणकोरिका, आणि २०२२ मध्ये आणखी एका पेपरात नुसत्या टेट्रागोन्यूलाच्या ५. माश्या काही अचानक उगवल्या नाहीत. त्या होत्याच, सगळ्यांवर एकच लेबल होतं इतकंच.

म्हणून तुमची माशी नवीन आहे का, या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न येतो, तो म्हणजे जुनी कुठली? इरिडिपेनिस म्हणजे नक्की काय ते श्रीलंकेच्या माशीवरून ठरणार, कारण ते नाव तिचं आहे. तुमच्या माशीला नेटवरच्या फोटोशी ताडून उपयोग नाही, कारण त्या फोटोतल्या माशीलाही कुणीतरी अंदाजानेच नाव दिलेलं असतंय.

मग करायचं काय? मायक्रोस्कोपखाली बघतात ते असं : पाठीवर, म्हणजे पंखांच्या मधल्या भागावर, बारीक केसांच्या उभ्या रांगा असतात, त्या किती आणि कितपत ठळक. डोळ्याचा खालचा काठ आणि जबड्याचं मूळ यातलं अंतर. मागच्या पायाची नळी किती रुंद, कडेचे केस कसे, परागाची टोपली केवढी. मागच्या पंखाला पुढच्या पंखात अडकवणारे बारीक आकडे किती, तेही मोजतात. आणि मग नर. नराच्या पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवून मऊ करतात, आतले जननाचे अवयव सोडवून काढतात आणि त्यांचं चित्र काढतात. हे वाचायला जरा अवघडल्यासारखं होतं, मला कळतंय, पण माश्यांची ओळख बरेचदा तिथेच पटते.

नर मिळणं हीच खरी मारामारी. मी स्वतः एका पावसाळ्यात अकरा पोळ्यांवरून माश्या गोळा केल्या, कार्डाच्या टोकाला चिकटवल्या, लेबलं लिहिली, मोठ्या अभिमानाने एका जाणकार सरांकडे नेल्या. त्यांनी भिंग लावलं, दहा मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "सगळ्या बायकाच आणल्यात." नर एकही नाही. त्यातल्या चार लेबलांवर मी तारीखही घातली नव्हती, तो भाग वेगळा. तर नर ओळखायचा कसा, त्याच्या मिशीला १३ पेरं असतात आणि कामकरी माशीला १२, आणि त्याच्या मागच्या पायावर परागाची टोपली नसते. पोळ्यात नवीन राणी तयार होत असली की बाहेर नरांचा घोळका जमतो, कधी शेकड्याने, आणि तिथेच घिरट्या घालत, जवळच्या काडीवर नाहीतर पानावर बसून राहतात, काम काहीच नाही, लग्नघराबाहेर उभी असलेली मुलं जशी. असा घोळका दिसला की लगेच मला कळवा, बाकीचं सगळं सोडून.

प्रश्न : मी एम.एस्सी. झूलॉजी करतोय. आता डीएनए बारकोडिंग आहे ना, मग हे केस मोजणं आणि नर शोधणं कशाला? आणि माश्या मारायच्या कशाला, एक पाय पुरत नाही का? (नाशिक)

उत्तर : एक पाय पुरतो, डीएनएसाठी. पण तो पाय कुणाचा होता ते उद्या विचारलं तर दाखवायला बाकीची माशी लागते.

बारकोडिंग म्हणजे सीओआय नावाच्या जीनचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि बाकीच्यांशी जुळवायचा, २००३ मध्ये कॅनडाच्या पॉल हेबर्ट यांनी ही कल्पना पुढे आणली आणि ती खरंच फार कामाची आहे, मी विरोधात नाहीये. पण तुम्ही तुमचा तुकडा डेटाबेसमध्ये टाकला आणि ९९ टक्के इरिडिपेनिस असं उत्तर आलं, तर त्याचा अर्थ इतकाच की ज्याने आधीचा तुकडा टाकला त्याची माशी आणि तुमची माशी सारखी. त्याने तिला इरिडिपेनिस का म्हटलं? बरेचदा त्यालाही कुणीतरी तसंच सांगितलेलं असतं. चुकीचं नाव कॉम्प्युटरमध्ये गेलं की लोकांना ते जास्त खरं वाटतं, हा एक वेगळाच त्रास. आणि अमुक टक्के फरक आला की नवीन जात, अशी सगळीकडे चालणारी रेष कुणी आखून ठेवलेली नाही. डीएनए, नराचे अवयव, पोळ्याची आतली रचना, तिन्ही एकच सांगायला लागले की मग बोलायचं.

मारण्याबद्दल. मलाही आवडत नाही. पण एका पोळ्यात हजारोंनी कामकरी असतात, त्यातल्या दहा-पंधरा गेल्याने पोळं हलत नाही, पावसात एका दिवसात त्याहून जास्त मरतात. अर्ध्या कडक अल्कोहोलमध्ये डीएनएसाठी ठेवायच्या, अर्ध्या सुकवून कार्डावर, कारण ३ मिलिमीटरच्या माशीतून टाचणी घातली तर माशी उरतच नाही. राणीला हात लावायचा नाही. तिचं पोट अंड्यांनी इतकं फुगलेलं असतं की तिला उडता येत नाही, आणि ती गेली की तिच्या जागी नवी राणी उभी राहीपर्यंत सगळा कारभार टांगणीला. आणि प्रत्येक माशीवर लेबल : गाव, अक्षांश रेखांश, उंची, तारीख, कुणी पकडली. तारीख विसरू नका, मी वर सांगितलंच आहे.

प्रश्न : आम्ही ब्रिस्बेनला राहतो, मागच्या अंगणात नेटिव्ह बीजची, म्हणजे इथल्या देशी बिनडंखी माश्यांची, पेटी ठेवलीय. गेल्या उन्हाळ्यात एक दिवस पेटीसमोर माश्यांचा ढग आणि खाली मेलेल्या माश्यांचा सडा, दोन-दोन माश्या एकमेकींना घट्ट धरून मेलेल्या. वाटलं औषध फवारलं कुणीतरी. आता पेटी नीट चाललीय पण आतली रचना बदलल्यासारखी वाटते. (ब्रिस्बेन, ऑस्ट्रेलिया)

उत्तर : फवारलं असतं तर अशा जोडीने धरून मेल्या नसत्या, ती लढाई होती. आणि तुमची पेटी चाललीय खरी, पण बहुतेक मालक बदललाय!

तुमच्याकडे दोन बहिणी-बहिणी जाती आहेत, कार्बोनेरिया आणि होकिंग्सी. दोन्ही काळ्या, दोन्ही बारीक, कामकरी शेजारी शेजारी ठेवल्या तर भले भले चकतात. पण पेटीचं झाकण काढलं की कळतं. कार्बोनेरियाच्या अंड्यांच्या खोल्यांचा थर गोल गोल जिन्यासारखा वर चढत जातो, एकदा बघितला की विसरणार नाही इतका सुंदर. होकिंग्सीचा तसा नसतो, तो तुटक, डोंगरउतारावरच्या भातखाचरांसारखा टप्प्याटप्प्याचा. म्हणजे इथे माशीपेक्षा माशीचं घर जास्त बोलतं. २००४ मध्ये याच गटात डेव्हनपोर्टी म्हणून तिसरी जात वेगळी काढली ती पोळ्याची रचना आणि जेनेटिक्स दोन्ही एकत्र बघून, नुसत्या दिसण्यावर कुणाला शंकाही आली नसती. आणि २०१४ मध्ये ब्रिस्बेनच्याच लढायांवर अभ्यास छापून आला, त्यात दिसलं की होकिंग्सीवाल्या कार्बोनेरियाच्या पेटीवर चालून जातात, आतली नुकती जन्मलेली पोरं ओढून बाहेर टाकतात, आणि पुढे आत होकिंग्सीचीच राणी नांदायला लागते. तेव्हा तुमचे जुने फोटो काढा. आधी गोल जिना होता आणि आता खाचरं असतील तर समजून जा. गंमत म्हणजे कार्बोनेरियाला नाव देणारा पण तोच स्मिथ, आणि साल पण तेच १८५४. कोळशासारखी काळी म्हणून कार्बोनेरिया. त्या वर्षी गडी फॉर्मात होता.

प्रश्न : ट्रेकला दुपारी दम खात बसलो की चिलटाएवढ्या काळ्या माश्या डोळ्याभोवती येतात, अगदी पापणीवर बसतात. या त्याच का? (पुणे)

उत्तर : बहुतेक वेळा ती खरंच चिलटं असतात. पण अश्रू पिणाऱ्या बिनडंखी माश्या आहेत, त्यांचा वंश लिसोट्रिगोना, टेट्रागोन्यूलापेक्षाही बारीक. थायलंडमध्ये हान्स बेंझिगर या संशोधकाने स्वतःच्या डोळ्यांवर त्यांना बसू देऊन वर्षानुवर्षं नोंदी केल्या, अश्रूतलं मीठ आणि प्रोटीन त्यांना उपयोगी पडतं. भारतातही हा वंश आहे, कॅसिए ही जात १९०७ ची आणि केरळातली मोहनदासी २००४ ची. पुढच्या वेळी चोळू नका, फोटो काढा. मित्राला काढायला सांगा म्हणजे.

प्रश्न : नवीन जातीला नाव कोण देतं? सरकार देतं का? स्वतःचं नाव देता येतं का? (रत्नागिरी जिल्ह्यातले एक शिक्षक, यांच्या सातवीच्या मुलांनी मिळून विचारलंय)

उत्तर : सरकार देत नाही. जो नीट वर्णन छापतो तो देतो, आणि त्याचे नियम जगभर एकच आहेत, प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नियमावली. मुलांनो, सुरुवातीची तारीख धरलीय १ जानेवारी १७५८, त्याच्या आधीचं कुठलंच नाव चालत नाही. नंतर ज्याने पहिलं छापलं त्याचं नाव खरं. किती कडक आहे बघा : लिनियसने १७५८ मध्ये युरोपच्या मधमाशीला मेलिफेरा म्हटलं, म्हणजे मध वाहून आणणारी. मग त्याच्या लक्षात आलं, ती मध आणत नाही, फुलातला रस आणते आणि मध घरी बनवते, म्हणून १७६१ मध्ये त्याने मेलिफिका, मध बनवणारी, असं दुरुस्त केलं. चाललं नाही! लिनियस असला म्हणून काय झालं, पहिलं ते पहिलं.

वर्णन छापताना ही कुणापेक्षा कशी वेगळी ते सांगावं लागतं, आणि २००० पासून एक नमुना ठरवून तोच मुख्य म्हणून जाहीर करावा लागतो, त्याला होलोटाइप म्हणतात, तो कुठल्या संग्रहात ठेवलाय तेही लिहायचं. पुढे शंभर वर्षांनी भांडण झालं तर त्या एका माशीकडे जाऊन निकाल लागतो. आपल्याकडे २००२ चा जैवविविधता कायदा पण सांगतो की नवीन जात सापडली तर ठरवून दिलेल्या संस्थेला कळवा आणि नमुना जमा करा. भारतीय प्राणी सर्वेक्षण, १९१६ पासूनची संस्था, मुख्य ऑफिस कोलकात्याला आणि आपल्या जवळचं केंद्र पुण्यात आकुर्डीला. अभयारण्यातून पकडायची असेल तर वनखात्याची परवानगी आधी, माशी नंतर.

स्वतःचं नाव द्यायला नियमात बंदी नाही, पण लोक हसतात, आणि बरोबर हसतात. दुसऱ्याचं चालतं, होकिंग्सी हे क्वीन्सलँडच्या हॅरोल्ड होकिंग्सच्या नावावरून आहे, पुरुष असेल तर शेवटी ई, बाई असेल तर आए. म्हणजे आजीचं नाव यशोदा असेल तर यशोदाए. गावावरून किंवा गुणावरून द्यायचं तर वंशाचं लिंग बघायचं, टेट्रागोन्यूला स्त्रीलिंगी म्हणून त्रावणकोरिका, त्रावणकोरिकस नाही.

आणि सावंतवाडीकर दादा, तुम्ही पत्रात आजीचं खरं नाव आणि त्यावरून केलेलं लॅटिन नाव दोन्ही लिहिलंत, ते मी मुद्दाम छापलेलं नाही. वर्णनाशिवाय नुसतं नाव छापून आलं तर त्याला शास्त्रात चक्क नागडं नाव म्हणतात, त्याला किंमत काही नाही, पण नंतर गोंधळ घालायला ते पुरतं. फेसबुकवरही टाकू नका.

ताजा कलम, पुन्हा सावंतवाडी : ताई, घाई आहे. मीटर बदलायला पुढच्या आठवड्यात माणूस येतोय, तो म्हणतो डबा जाळून टाका. आजी त्याला आत सोडेना.

उत्तर : आजींना माझा नमस्कार. हे उत्तर छापायच्या आधीच त्यांना फोनवर सांगितलंय, पण बाकीच्यांच्याही कामाला येईल म्हणून देते.

आधी त्याच माणसाकडून मेन बंद करून घ्या, वायरजवळ स्वतः हात घालू नका. संध्याकाळी सगळ्या माश्या घरी आल्या की काम करायचं. बुटाच्या खोक्यापेक्षा लहान लाकडी पेटी, आतून कोरडी, रंग नको, एक भोक. अंड्यांचा घोस जसा आहे तसाच, उलटा न करता, पातळ चाकूने सोडवून पेटीत ठेवा, राणी त्यातच कुठेतरी असते. मधाची आणि परागाची मडकी असतात ना बारीक, त्यातली न फुटलेली तेवढीच घ्या, फुटलेली घेतली तर रात्रीत मुंग्या येतात आणि सगळं संपतं. बाहेरची मेणाची नळी अलगद काढून नवीन भोकावर चिकटवा, त्या वासावर त्यांना आपलं दार कळतं. पेटी डब्याच्याच जागी टांगा, तिथे जमलं नाही तर अगदी शेजारी, आणि दोरीला तेलाचं फडकं बांधा मुंग्यांसाठी. सांडलेला मध चाटायला हरकत नाही, आंबट लागेल, तसाच असतो तो.

आणि घोस सोडवायच्या आधी, कितीही घाई असली तरी, त्याचा वरून एक आणि बाजूने एक असे फोटो, शेजारी फूटपट्टी ठेवून. तो आकार परत तसाच्या तसा मिळत नाही. डब्याच्या बाहेर काडीवर रिकाम्या बसलेल्या माश्या दिसल्या तर त्यातल्या पाच-सहा एका बाटलीत, अल्कोहोल मेडिकलवाल्याकडे मिळेल त्यातलं सगळ्यात कडक, आणि आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी, शाई विरघळते. तारखेसकट.